चित्रातला दोरा आणि गणितातली गाठ: पहिल्यांदा शोधणाऱ्यांसाठी

मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यात एक दालन आहे. १४९८ साली लिओनार्दो द विंचीनं तिथे तुतीची झाडं रंगवली, छतावर त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतवल्या आणि त्या सगळ्या पानोऱ्यातून एक सोनेरी दोर ओवून काढला. नजर त्या दोराच्या मागे लागली की सुटत नाही. इथे पानामागे गेला, तिथे फांदीवरून आला, पुढे स्वतःच्याच अंगावरून वळला. मग प्रश्न पडतो: हा दोर एकच आहे का? त्याची टोकं जोडून तो ताणला तर सरळ सुटेल, की कुठेतरी अडकून बसेल?

हा दुसरा प्रश्न शुद्ध गणिताचा आहे, आणि तो विचारायला गणिताची पदवी लागत नाही. चांगल्या छपाईचं एक चित्र, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, खोडरबर, तीन रंगांची स्केचपेनं आणि दोन-तीन मीटर लोकर एवढ्यावर भागतं. जुन्या चित्रांत मण्यांच्या माळा, वेण्या, साप, फिती आणि हात धरून नाचणारी माणसं भरपूर आहेत. त्यांतली एखादी रेघ उचलायची, तिची टोकं जोडायची आणि जी गाठ तयार होईल ती खरी की नुसती दिसायला, हे तपासायचं. खेळ एवढाच.

तो जमतो याचं कारण साधं आहे. सपाट फळ्यावर खोली दाखवण्याचं चित्रकाराचं सर्वांत जुनं साधन म्हणजे झाकणं. जे पुढे आहे ते मागच्याला झाकतं. गणितज्ञ कागदावर गाठ काढतो तेव्हा तोही हेच करतो: वरून जाणारा दोरा अखंड, खालून जाणारा दोरा तिथे जरासा तुटक. म्हणजे चित्रात गाठ शोधताना आपण दर ठिकाणी एकच गोष्ट विचारत असतो, की पुढे कोण आणि मागे कोण. ही सवय लागली की चित्र पाहण्याची रीतच बदलते. मला या खेळाचं खरं मोल तिथे वाटतं.

पायरी १: टोकं जोडायची

घरात आपण निरगाठ आणि सुरगाठ म्हणतो. निरगाठ सोडवताना नखं दुखतात. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. गणिताच्या लेखी मात्र टोकं मोकळी असतील तर दोन्ही सारख्याच, कारण मोकळं टोक मागे मागे ओवत नेलं की कुठलीही गाठ सुटते. म्हणून गणितातली गाठ टोकं जोडल्यावरच सुरू होते.

लोकरीच्या तुकड्याला एक साधी गाठ मारा, आवळू नका, आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडा. आता कात्री लावल्याशिवाय ती सुटत नाही. टेबलावर पसरली की तिच्यात तीन पाकळ्या दिसतात, आणि दोरा स्वतःला तीन ठिकाणी ओलांडतो. अशा ओलांडण्याच्या जागेला या लेखात ‘फुली’ म्हणू. ही तीन फुल्यांची गाठ सर्वांत लहान खरी गाठ. गणितात तिला ट्रेफॉइल म्हणतात. बेलाच्या पानालाही तीनच दळं असतात, म्हणून आपण तिला बेलगाठ म्हणू.

मग सुरगाठ मारून तिचीही टोकं जोडा. फासा हळूच आत ओढून घेतला की हातात साधं कडं उरतं. म्हणजे गणिताच्या दृष्टीनं सुरगाठ ही गाठच नव्हे! हे हातानं करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं बरंचसं इथेच कळतं.

पायरी २: चित्र निवडायचं

पहिलं चित्र चुकलं की हिरमोड होतो. उदाहरणार्थ, पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातलं व्हर्मीरचं ‘लेस विणणारी’. अवघं २४ बाय २१ सेंटिमीटरचं चित्र. तिच्या बाजूच्या उशीतून लाल आणि पांढरे धागे बाहेर ओघळले आहेत, आणि व्हर्मीरनं ते ओल्या रंगाच्या धारेसारखे धूसर रंगवले आहेत. कुठला धागा कुठल्यावरून गेला हे तिथे वाचता येत नाही, आणि टोकंही हरवतात. डोळ्यांना ते धागे फार सुंदर वाटतात, पण नवख्यानं तिथून सुरुवात करू नये.

सरावाला एल ग्रेकोचा ‘लाओकून’ घ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आहे, आणि मोठ्या आकारातली प्रतिमा त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. ट्रॉयचा पुजारी लाओकून आणि त्याचे मुलगे सापांशी झुंजताहेत. डावीकडच्या मुलाचा साप आकाशापुढे मोठी कमान करून वाकला आहे. रेघ स्वच्छ दिसते, उचलायला सोपी आहे. तो साप स्वतःला जवळपास ओलांडतच नाही, म्हणून टोकं जोडली की साधं कडं. असा निकाल आला म्हणून नाराज होऊ नका. दोनदा-तीनदा ‘काहीच नाही’ असं सिद्ध केल्यावर डोळा तयार होतो.

खरी मजा सुरू होते लिओनार्दोच्या ‘अर्मिन घेतलेली स्त्री’ या चित्रात. अर्मिन म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी. पोलंडमधल्या क्राकूव्हला ते आहे, साधारण १४९० च्या सुमाराचं. चित्रातली तरुणी चेचिलिया गाल्लेरानी. मिलानचा सत्ताधीश असलेल्या ज्या लुदोविको स्फोर्झासाठी लिओनार्दोनं तुतीची झाडं रंगवली, त्याच्याच दरबारातली. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची माळ आहे. काळे मणी म्हटलं की आपल्याला मंगळसूत्र आठवतं, पण इथे तसा काही अर्थ नाही. माळेचा एक वेढा मानेलगत आहे, दुसरा लांब होऊन छातीवर उतरला आहे. आणि मानेमागे काय घडलंय ते आपल्याला दिसत नाही.

पुढच्या पायऱ्या या माळेवरच करू.

पायरी ३: रेघ उतरवायची

छापील चित्र निदान ए-४ आकाराचं हवं. पोस्टकार्डावर फुल्या एकमेकींत मिसळतात. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, कोपरे चिकटवा, आणि माळेच्या मधोमध एकच रेघ काढा. मण्यांची जाडी, चमक, सावली सगळं सोडून द्यायचं. नियम तीन. एका बिंदूतून तीन रेघा जाऊ द्यायच्या नाहीत. तशी जागा आली तर एक रेघ किंचित सरकवा. दोन रेघा एकमेकींना नुसत्या चाटून जाता कामा नयेत. एकतर ओलांडा, नाहीतर दूर राहा. आणि प्रत्येक फुलीवर खालची रेघ तोडून दाखवा.

टोक चौकटीच्या बाहेर जात असेल तर ते बाहेरूनच वळवून दुसऱ्या टोकाला जोडा. टोक चित्राच्या मध्येच संपत असेल तर ते सगळ्या रेघांच्या वरून, जवळच्या वाटेनं चौकटीबाहेर काढा आणि मग जोडा. दुसरं टोकही तसंच. ही पळवाट वाटेल, पण प्रथिनांच्या साखळीत गाठ आहे का हे पाहणारे शास्त्रज्ञही याच धर्तीवर जातात. प्रथिनाची टोकं मोकळी असतात, म्हणून ती बाहेरच्या एका मोठ्या काल्पनिक गोलापर्यंत ताणून तिथे जोडतात. वेगळ्या दिशेनं ताणलं तर कधी उत्तर बदलतं, म्हणून अनेक दिशांनी करून पाहतात. आपणही टोकं दोन वेगळ्या वाटांनी जोडून पाहायला हरकत नाही.

चेचिलियाच्या माळेला टोकंच दिसत नाहीत. समोर दोन वेढे आहेत, ते दोन्ही मानेमागे जातात. त्यामुळे ट्रेसिंग पेपरवर आधी समोरचे दोन कंस येतील आणि मानेमागची जागा कोरी राहील. ती कोरी जागा भरणं ही पुढची पायरी.

पायरी ४: लपलेल्या फुल्या ठरवायच्या

चित्रकारानं जिथे पुढे-मागे दाखवलंय, तिथे त्याचंच ऐकायचं. ही या खेळातली प्रामाणिकपणाची बाजू. जिथे त्यानं लपवलंय, तिथे मात्र मुभा आपली.

मानेमागे माळेचे दोन वेढे एकमेकांना एकदाही ओलांडत नसतील, तर त्या दोन वेगळ्या माळा, शेजारी शेजारी घातलेल्या. एकदा ओलांडत असतील तर माळ एकच, दोनदा गळ्याभोवती घेतलेली. आपण लांब माळ दुहेरी करून घालतो तशी. गळ्यातून काढून झटकली की साधं कडं. दोन फुल्या, एकाच दिशेनं पीळ दिलेल्या, असतील तर पुन्हा दोन माळा, पण या वेळी साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. आणि तीन फुल्या, तिन्ही एकाच दिशेच्या पिळाच्या? मग माळ पुन्हा एक, आणि ती बेलगाठ. फुल्या सम असतील तर दोन माळा, विषम असतील तर एक. वही घेऊन पाच फुल्यांपर्यंत स्वतः काढून पाहा.

मला या चित्रात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. समोरून पाहताना या सगळ्या शक्यता अगदी सारख्या दिसतात. शांतपणे बाजूला पाहणाऱ्या त्या मुलीच्या गळ्यात बेलगाठ असेलही. माळेला उघडमिट करता येणारा फासा असेल आणि घालताना कुणी मानेमागे दोनदा जास्त पीळ दिला असेल, तर चित्रात एक रेघही बदलणार नाही.

एक हिशेब लक्षात ठेवा. फुल्यांची जागा ठरली आणि वर-खाली ठरवायचं उरलं, तर प्रत्येक फुलीला दोन पर्याय. तीन फुल्यांना आठ चित्रं, दहा फुल्यांना १०२४. माळेच्या तीन फुल्यांवरच्या आठ चित्रांपैकी फक्त दोन बेलगाठी निघतात, उरलेली सहा साधी कडी. म्हणून डोळे मिटून वर-खाली ठरवू नका.

मुद्दाम ठरवायचं असेल तर दोन युक्त्या हाताशी असू द्या. गाठ नको असेल तर रेघेवर कुठूनही सुरू करा; प्रत्येक फुलीवर पहिल्यांदा पोचाल तेव्हा वरून जा, दुसऱ्यांदा खालून. कितीही गुंतलेली रेघ असो, ती साधं कडं ठरते. गाठ हवी असेल तर वर, खाली, वर, खाली अशी आळीपाळी ठेवा. आळीपाळी सगळीकडे जुळतेच, कधी अडत नाही. फक्त एक पाहायचं: एखाद्या फुलीवर अख्खं चित्र दोन सुट्या भागांत विभागलेलं नको, कारण तशी फुली पीळ उलगडून काढता येते. तशी एकही नसेल, तर गाठ खरी, आणि तिच्या फुल्या याहून कमी करता येणार नाहीत. स्कॉटिश शास्त्रज्ञ पीटर गथ्री टेटचा एकोणिसाव्या शतकातला हा अंदाज. तो सिद्ध व्हायला १९८७ उजाडलं, आणि तेही गणितज्ञ व्हॉन जोन्सनं १९८४ साली शोधलेल्या, गाठी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला मदत करणाऱ्या नव्या बहुपदीच्या आधारानं.

पायरी ५: सोडवून पाहायचं

कागदावर गाठ सोडवायच्या चाली फक्त तीन. कुर्ट रायडेमायस्टर या जर्मन गणितज्ञानं १९२० च्या दशकात दाखवलं की या तीन पुरतात. पहिली: रेघेतला एकटा पीळ काढून टाकायचा किंवा घालायचा. दुसरी: एक रेघ दुसरीच्या खालून पूर्ण बाहेर ओढायची, म्हणजे दोन फुल्या एकदम जातात. तिसरी: दोन रेघांच्या फुलीवरून, किंवा फुलीखालून, तिसरी रेघ अलीकडून पलीकडे सरकवायची, हिच्यात फुल्या कमी होत नाहीत, पण पुढची वाट मोकळी होते.

कागदावर गोंधळलात तर लोकर घ्या. ट्रेसिंगवरच लोकर मांडा, फुल्या तशाच ठेवा, टोकं चिकटवा आणि मग बोटांनी सोडवा. लोकर कागदाला चिकटून राहते, घसरत नाही, म्हणून ती नायलॉनच्या दोरीपेक्षा बरी.

फुल्या तीनपेक्षा कमी झाल्या की थांबा. एका दोऱ्याच्या बंद वेढ्यात एक किंवा दोन फुल्या असतील तर ते साधं कडंच.

पायरी ६: तीन रंगांची परीक्षा

सुटत नाही म्हणजे सुटणारच नाही, असं होत नाही. कदाचित आपल्याला चाल सुचली नसेल. इथे राल्फ फॉक्स या अमेरिकन गणितज्ञाची एक परीक्षा कामी येते, आणि ती शाळकरी मुलंही करू शकतात.

तुमच्या चित्रात रेघ दर फुलीवर खालून जाताना तुटते. एका तुटीपासून पुढच्या तुटीपर्यंतचा प्रत्येक तुकडा एकाच रंगात रंगवायचा. अट ही, की प्रत्येक फुलीवर भेटणारे तीन तुकडे, म्हणजे वरचा एक आणि खालचे दोन, एकतर तिघेही एकाच रंगाचे हवेत किंवा तिघेही वेगवेगळ्या रंगांचे. दोन सारखे आणि एक वेगळा, हे चालणार नाही. आणि अख्ख्या चित्रात निदान दोन रंग तरी वापरले गेले पाहिजेत.

चेचिलियाच्या तीन फुल्यांच्या, बेलगाठ पडलेल्या माळेत तुकडे तीनच. लाल, निळा, हिरवा द्या. प्रत्येक फुलीवर तिन्ही रंग भेटतात. परीक्षा पास! तिन्ही चालींपैकी कुठलीही केली तरी हे रंगवणं टिकतं, आणि साधं कडं मात्र एकापेक्षा जास्त रंगांत कधीच रंगत नाही. म्हणजे ही माळ कडं होऊच शकत नाही. वीस मिनिटांत तुम्ही एक खरं गणिती विधान सिद्ध केलंत.

उलट्या बाजूनं मात्र सावध राहा. रंगवता आलं नाही म्हणून गाठ नाही, असा अर्थ होत नाही. चार फुल्यांची आठाची गाठ या परीक्षेत नापास होते, तरी ती पक्की गाठ आहे.

पायरी ७: नाव लावायचं

गाठींची यादी करायला टेट बसला त्यामागची कथा मजेदार आहे. १८६७ साली त्यानं एडिंबरामध्ये धुराची वलयं सोडून दाखवली. ती एकमेकांवर आपटून परत उसळत होती. ते पाहून भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनच्या मनात आलं, की अणू म्हणजे ईथरमधले, म्हणजे तेव्हा सगळीकडे भरलेलं मानल्या जाणाऱ्या अदृश्य माध्यमातले, गाठ पडलेले भोवरेच असतील; जितक्या गाठी तितकी मूलद्रव्यं. अणूंबाबत ती कल्पना चुकली, पण टेटची यादी मागे राहिली आणि वाढत गेली.

आजचा हिशेब असा. आरशातली जोडी एकच धरली आणि लहान गाठी जोडून बनवलेल्या गाठी वगळल्या, तर तीन फुल्यांची गाठ एक, चार फुल्यांची एक, पाचच्या दोन, सहाच्या तीन, सातच्या सात, आठच्या २१, नऊच्या ४९ आणि दहाच्या १६५. दहाच्या यादीत बरीच वर्षं १६६ होत्या. त्यांतल्या दोन वेगळ्या दिसणाऱ्या गाठी प्रत्यक्षात एकच आहेत, हे १९७४ साली केनेथ पेर्को यांनी दाखवलं. ते न्यूयॉर्कमध्ये वकिली करत. तज्ज्ञांची पिढ्यान्‌पिढ्यांची यादी एका वकिलानं दोऱ्याचा धीरानं माग काढून दुरुस्त केली, हे नवख्यांना मी आवर्जून सांगतो.

सहा फुल्यांपर्यंतच्या गाठी ओळखता आल्या तरी चित्रांसाठी पुष्कळ झालं. एक दक्षता: इंटरनेटवर चित्रं कधी कधी डावी-उजवी उलटलेली असतात. आठाच्या गाठीला त्यानं फरक पडत नाही, ती आणि तिचं आरशातलं रूप एकच. बेलगाठ मात्र डावी आणि उजवी वेगळी; एकीची दुसरी करता येत नाही, हे गणितज्ञ माक्स डेननं १९१४ साली सिद्ध केलं. म्हणून संग्रहालयाच्या स्वतःच्या प्रतिमेशी ताडून मगच डावी-उजवी लिहा.

वेणी: इथे थोडं रेंगाळू

फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात बोत्तिचेल्लीनं साधारण १४८० च्या सुमारास रंगवलेली एक स्त्री आहे. चेहरा बाजूनं दिसतो, आणि तिचे केस म्हणजे वेण्या, मोती आणि फिती यांचा एक डोलारा. कुठली वेणी कुठून निघाली आणि कुठे मिसळली हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते. तिथली अख्खी केशरचना उतरवायला जाऊ नका. एक वेणी उचला.

आपल्या घरोघरी घातली जाणारी तिपेडी वेणी हा गाठींचा मोठा खजिना आहे. तीन रंगांची लोकर घ्या: लाल, पिवळी, हिरवी. वरची टोकं पट्टीला चिकटवा. उजवा पेड मधल्यावरून आत आणा, मग डावा पेड मधल्यावरून आत. हा एक फेर झाला, त्यात दोन फुल्या. आता वेणी बांगडीसारखी गोल वळवायची आणि खालचं डावं टोक वरच्या डाव्याला, मधलं मधल्याला, उजवं उजव्याला जोडायचं. जोडताना नवी फुली पडू द्यायची नाही.

एका फेरानंतर जोडलंत तर एकच दोरा होतो आणि तो झटकन सुटतो. दोन फेरांनंतर जोडलंत तर पुन्हा तिन्ही रंग मिळून एकच दोरा, चार फुल्या, आणि ही आठाची गाठ. तीन फेर घातलेत तर काहीतरी निराळं घडतं. प्रत्येक रंग आपल्या मूळ जागी परत येतो, लाल लालला जुळतो, हिरवा हिरव्याला, आणि हातात तीन वेगळी कडी येतात. सहा फुल्या. ही तिन्ही एकमेकांत घट्ट अडकलेली, तरी कुठलीही दोन घेतलीत तर ती एकमेकांत अडकलेली नाहीत. पिवळं कडं सोडून काढा. लाल आणि हिरवं अलगद वेगळी होतात. इटलीतल्या बोर्रोमेओ घराण्याच्या चिन्हात ही तीन कडी आहेत, म्हणून त्यांना बोर्रोमेओची कडी म्हणतात. बोर्रोमेओ मिलानचेच.

चार फेरांनी आठ फुल्यांची एक गाठ, पाच फेरांनी दहाची. फेरांची संख्या तीननं भागली गेली की तीन दोरे, नाहीतर एकच. वेणी घालणाऱ्या हातांना हा नियम न सांगता कळतो, कारण तीन फेरांनी पेड आपल्या जागी येतात हे त्यांना ठाऊक असतं. आता बोत्तिचेल्लीच्या वेणीकडे परत जा. दिसणारे फेर मोजा, टोकं मनातल्या मनात जोडा, आणि काय निघेल ते चित्राच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा.

माणसांची गाठ

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये पूसँनं १६३० च्या दशकात रंगवलेला नाच आहे: चार जण हात धरून गोल नाचताहेत, तोंडं बाहेरच्या बाजूला, आणि काळ म्हणजे पंखवाला म्हातारा बाजूला बसून तंतुवाद्य वाजवतोय. इथे दोरा म्हणजे हात, खांदा, दुसरा हात, मग पुढच्याचा हात. धड आणि पाय सोडून द्या. पाठीला पाठ लावून उभ्या माणसांत कुणाचा हात कुणाच्या पुढून गेला हे पाहताना पूसँनं एकेक मनगट किती विचारानं ठेवलंय ते उमगतं. हात सुटलेला दिसला तर तो दोरा उघडा, मग गाठीचा प्रश्नच मिटला. मातिसच्या १९१० सालच्या ‘नृत्य’मध्ये पाच जणांच्या वर्तुळात एका ठिकाणी हात भेटता भेटता राहिले आहेत, गणिताच्या लेखी ते वर्तुळ तिथेच संपलं.

चार-पाच मित्र जमले तर हे प्रत्यक्ष करता येतं. गोलात उभे राहा, मध्ये हात घालून समोरच्यांचे हात धरा, शेजाऱ्याचे नाही, आणि हात न सोडता सुटा. न सुटलात तर एकानं वरून फोटो काढावा आणि त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा.

जागा बदलून पाहणं

लंडनच्याच नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं १५३३ सालचं ‘राजदूत’ आहे. दोन माणसं, मधल्या मांडणीवर शास्त्राची आणि संगीताची साधनं, आणि खाली जमिनीवर एक लांबुडका विचित्र आकार. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरकं पाहिलं की त्याची कवटी होते. गाठीचंही तसंच असतं. लोकरीची गाठ धरून तिच्याभोवती फिरा: फुल्या कधी चार दिसतील, कधी सात. सावली बदलते, गाठ बदलत नाही. म्हणून फुल्या मोजून लगेच नाव लावू नका, आधी पाचव्या पायरीनं कमी करा. त्याच मांडणीवर एक ल्यूट, म्हणजे जुनं तंतुवाद्य, ठेवली आहे, आणि तिची एक तार तुटली आहे. ती शोधून काढा आणि तिची टोकं कुठून कशी जोडाल ते ठरवा. तिथे चित्रकारानं आपल्याला मोकळं टोक हातात दिलंय.

घरच्या भिंतीवर

शेवटचा सराव घरातच. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघरी पोचल्या, आणि अजूनही कित्येक देवघरांत त्यांच्या नकला आहेत. त्यांतली लक्ष्मी घ्या. कमळावर उभी, चार हात, आणि मागे पाण्यात सोंडेत हार धरलेला पांढरा हत्ती.

आधी लक्ष्मीच्या गळ्यातले सर मोजा आणि चेचिलियाच्या माळेसारखी मानेमागची जागा भरा: किती फुल्या घातल्या तर सगळे सर मिळून एकच दोरा होईल? दोन सरांना एक फुली पुरते. तीन सरांना किती लागतील ते लोकरीनं शोधा. मग हत्तीकडे या. हार हे एक बंद कडं आहे आणि ते सोंडेत अडकलेलं दिसतं, पण सोंडेचं टोक मोकळं आहे, म्हणजे हार टोकावरून निसटू शकतो. तो खरोखर अडकवायचा असेल तर सोंडेचं टोक हत्तीच्या अंगाशीच कुठेतरी जोडावं लागेल. ट्रेसिंग पेपरवर जोडून पाहा, आणि जोडणारी रेघ हाराच्या आतून नेलीत की बाहेरून, त्यानं काय बदलतं ते दोन्ही प्रकारे काढा.